फ्लॅटचा नकाशा आणि पाचवीचं क्षेत्रफळ



मी मुंबईत वरळी भागातल्या एका मराठी शाळेत पाचवीला शिकवते. आमच्या बऱ्याच मुलांच्या वह्यांना नव्या इमारतींच्या ब्रोशरची कव्हरं असतात. कुणाचे वडील सॅम्पल फ्लॅटवर वॉचमन, कुणाचा काका साइटवर, त्यामुळे उरलेली ब्रोशरं घरी येतात. कागद जाड आणि गुळगुळीत, पावसात वही भिजत नाही. यंदा वह्या तपासताना एका कव्हरच्या आतल्या बाजूला अख्ख्या फ्लॅटचा नकाशा दिसला, खोल्यांच्या मापांसकट. तेव्हा क्षेत्रफळाचा धडाच चालू होता. आयतं शैक्षणिक साहित्य मिळालं.

तुमच्याही वर्गात हे होत असेल. लांबी गुणिले रुंदी सगळ्यांना येतं, उत्तरही बरोबर येतं. पण "आपला वर्ग किती चौरस फूट असेल?" असं विचारलं की पन्नासपासून दहा हजारांपर्यंत काहीही ऐकायला मिळतं. चौरस सेंटिमीटर वहीत राहतो, घरात चालतात ते स्क्वेअर फूट. म्हणून आधी फरशीपासून सुरुवात केली. आमची फरशी फूट बाय फूट. मुलांनी मोजली, २० गुणिले २५, वर्ग झाला ५०० चौरस फुटांचा. मग त्याच फरशीवर खडूने १० बाय १६ ची चौकट आखली, १६० चौरस फूट. ही बीडीडी चाळीतली खोली.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. इंग्रजांच्या काळात, १९२० नंतरच्या काही वर्षांत, या खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे या चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, संडास सामायिक. आता पुनर्विकासात तिथल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांचं घर मिळतं आहे. म्हणजे आमच्या वर्गाएवढं. हे मुलांच्या लक्षात आलं तेव्हा दोन मुलं उठून वर्गातच बेडरूम कुठे आणि किचन कुठे ते ठरवायला लागली. (त्या दिवशी परिपाठाची वेळ गेली ती गेलीच.)

दुसऱ्या दिवशी नकाशातला फ्लॅट पटांगणावर फक्कीने आखला. चटई क्षेत्र २०० चौरस मीटर. एक चौरस मीटर म्हणजे साधारण १०.७६ चौरस फूट, तेव्हा हा झाला २१५० चौरस फुटांच्या आसपास. खेळाच्या तासाला दोरी, मोजपट्टी आणि दहा-बारा मुलं घेऊन आखणी केली. पटांगणात तो कसाबसा मावला, किचनचा एक कोपरा पाण्याच्या टाकीखाली गेला.

एका सहकाऱ्यांना हे आवडलं नाही. "चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या पोरांना श्रीमंतांची घरं दाखवून काय मिळवायचं?" असं ते म्हणाले. त्यांची काळजी खोटी नव्हती. पण आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून टॉवरशिवाय दुसरं दिसतं काय? दाखवायला मी कशाला पाहिजे. जवळच लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर २८० मीटर उंचीचा वर्ल्ड वन उभा आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि आमच्या काही मुलांचे आजोबा त्याच गिरण्यांतले. मुलं टॉवर रोज बघतात, फक्त मान वर करून. मला तो जमिनीवर हवा होता, पावलांनी मोजता येईल असा.

मुलं आत शिरली ती दारातूनच, रेषेवर पाय न देता. हॉल २० बाय ३०, म्हणजे ६०० चौरस फूट. "बाई, आपल्या वर्गापेक्षा मोठा!" मग कपड्यांची खोली, ८ बाय १०. मग किचनच्या मागे एक छोटी चौकट, ६ बाय ८. नकाशात तिला 'स्टाफ रूम' लिहिलं होतं. मुलांना वाटलं शिक्षकांची खोली. मी अर्थ सांगितला. एकाने मनातल्या मनात गुणाकार केला आणि म्हणाला, "कपड्यांना ८०, माणसाला ४८." मी काही बोलले नाही. गणित बरोबर होतं.

तेवढ्यात एक मुलगी, वर्गात सहसा न बोलणारी, त्या छोट्या चौकटीत जाऊन उभी राहिली. "अशाच खोलीत माझी आई डबा खाते," म्हणाली. क्षणभर सगळे गप्प. मला धास्ती वाटली, आता कोणी हसतंय का. पण मुलांनी तिला प्रश्न विचारायला सुरुवात केली. मागचं दार कुठे उघडतं? वॉशिंग मशीन कुठे असतं? तिने खापराच्या तुकड्याने नकाशात नसलेलं मागचं दार दाखवलं, बाहेर सर्व्हिस लिफ्टची जागा दाखवली. अर्धा तास ती आमची मार्गदर्शक होती.

लिफ्टवरून विषय वाढला. सोसायटी आणि कंडोमिनियम यांतला फरक मी थोडक्यात सांगितला. सहकारी सोसायटीत जमीन आणि इमारत सोसायटीच्या मालकीची, आपण सभासद. कंडोमिनियम १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याने होतं. त्यात फ्लॅट मालकाचा स्वतःचा, आणि जिना, लिफ्ट, गच्ची, बाग यांत प्रत्येकाचा टक्क्यांत ठरलेला अविभक्त हिस्सा. कोणी आपला लिफ्टचा तुकडा कापून घरी नेऊ शकत नाही, हे मुलांना फार आवडलं. त्यावर त्याच मुलीने विचारलं, "मग मोठ्या लिफ्टमध्ये जायचं नाही असं आईला कोण सांगतं, सगळे मालक मिळून?" हा प्रश्न मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. उत्तर पाठ्यपुस्तकात नाही, आणि खरं सांगायचं तर मला घाईने द्यायचंही नव्हतं.

पालकहो, तुमच्या कामाचं एक सांगते. तुम्ही विरार, कल्याण, पनवेल, कुठेही घर बघत असाल, तर विचारायचा आकडा चटई क्षेत्राचा. २०१६ च्या रेरा कायद्यात त्याची व्याख्या आहे. घराच्या आतल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, आपली बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. 'सुपर बिल्ट-अप' हा शब्द कोणी वापरला तर मोजपट्टी काढा. आणि सहावी-सातवीच्या शिक्षकांसाठी शेकडेवारीचं उदाहरण: महाराष्ट्रात घराची नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. ३० लाखांच्या घराला किती, १० कोटींच्या फ्लॅटला किती? मुलांना काढू द्या आणि मग चेहरे बघा.

पुढच्या पालकसभेला त्या मुलीची आई आली. पटांगणावरची फक्की अजून पुसट दिसत होती. मी त्यांना ती दाखवली, नकाशा दाखवला, २१५० चा आकडाही सांगितला. त्यांनी कडेची बाल्कनी बोटाने दाखवली.

"ही धरली का, बाई?"

"नाही ताई, कायद्याने ती चटई क्षेत्रात येत नाही."

"पण लादी पुसायला येते ना," त्या म्हणाल्या.

बाल्कनी २० चौरस मीटर. पाचवीच्या वह्यांत आता बेरजेची एक ओळ वाढली आहे.