सोडलेला मासा

पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पात्रात मिळालेल्या एका माशाचे शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली प्रसिद्ध केले. त्याने दिलेले ‘खुद्री’ हे नाव शास्त्रात आजही टिकून आहे. हाच दख्खनचा महासीर. रोहू, कटला, मृगळ ज्या कार्पच्या कुळात मोडतात, त्याच कुळातला हा बलदंड मासा. या कुळाकडे माणूस दोन नजरांनी पाहत आला आहे. एकाला त्यात भाकरीबरोबरचे कालवण दिसते, तर दुसऱ्याला झुंज देणारा प्रतिस्पर्धी.

पहिला माणूस पुणे जिल्ह्यात शोधावा लागत नाही. उजनीच्या जलाशयावर पहाटे जाळी ओढणारे भोई बांधव भिगवणच्या बाजारात मासळी आणतात आणि त्यावर त्यांची चूल पेटते. दुसरा माणूस शनिवार-रविवारी मोटारीने धरणाकाठी येतो. त्याच्याजवळ महागडी काठी असते, चक्री असते आणि मोबाइल असतो. मासा गळाला लागला की तो दमेपर्यंत त्याला खेळवायचे, बाहेर काढून छायाचित्र घ्यायचे आणि पुन्हा पाण्यात सोडायचे. ‘पकडा आणि सोडा’ हे त्याचे ब्रीद. मासा मरत नाही, म्हणून हा छंद अहिंसक आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

हा वाद युरोपात जुना आहे. इंग्लंडमध्ये रिचर्ड वॉकर याने १९५२ साली रेडमायर तलावात ४४ पौंडांचा कार्प पकडला आणि तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयास दिला. तेव्हापासून तेथे कार्प हा खाण्याचा नव्हे, खेळाचा मासा ठरला. मोठ्या माशांना नावे ठेवली जातात, त्यांना टेकवण्यासाठी मऊ गादी अंथरली जाते, गळाच्या जखमेला औषध लावले जाते. याउलट पोलंड आणि चेक देशांत नाताळच्या आदल्या रात्री कार्पच ताटात असतो. तेथील कामगार इंग्लंडमध्ये आले आणि तलावातला कार्प घरी नेऊ लागले, तेव्हा तळ्यांच्या काठी भांडणे झाली. एकाला दुसरा क्रूर वाटला आणि दुसऱ्याला पहिला वेडा.

जर्मनीच्या कायद्याने मात्र या वादात अनपेक्षित बाजू घेतली. सबळ कारणावाचून पृष्ठवंशी प्राण्याला मारणे अथवा वेदना देणे तेथे गुन्हा आहे. अन्न हे कारण मानले जाते. केवळ मौज हे कारण सहसा मानले जात नाही. स्वित्झर्लंडच्या २००८ च्या नियमावलीनेही सोडून देण्याच्या हेतूने मासेमारी करण्यास मनाई केली. माशाला वेदना होतात काय, या प्रश्नावर लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ट्राउट माशांवरील प्रयोग प्रसिद्ध केले होते. ओठांत दाहक द्रव्य टोचलेले मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासत राहिले आणि कितीतरी वेळ अन्नाला शिवले नाहीत. पंचेंद्रिय जीवांत माशाची गणना करणाऱ्या परंपरेला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

हा प्रश्न जैन घरात कधी येणारच नाही, असे मात्र समजू नये. रविवार पेठेत दोरखंड आणि नायलॉनचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका कुटुंबात तो जेवणाच्या वेळी आला. एमबीए होऊन परतलेल्या मुलाने परदेशी गळ-काठ्यांच्या एजन्सीचा प्रस्ताव आणला होता. मालाला मागणी होती, नफ्याचे प्रमाण दोराच्या कितीतरी पट होते आणि उधारी जवळजवळ नव्हती.

“पप्पा, यात मासा मरत नाही. फोटो काढतात आणि सोडून देतात,” मुलगा म्हणाला.

“सोडायचाच होता, तर धरला कशाला रे बाळा?” आजीने विचारले.

मुलगाही पाठशाळेत शिकलेला. तो म्हणाला, “आजी, मृगसेनानेही धरून सोडलाच होता की! तूच गोष्ट सांगायचीस. आणि आपल्या दुकानातला नायलॉनचा दोरा भिगवणला जातो, त्याची जाळी विणतात. ते तेवढे चालते?”

वडिलांनी ताट पुढे सरकवले, पण उत्तर दिले नाही. त्या प्रश्नाचे दोन्ही भाग खरे होते.

मृगसेन धीवराची कथा जैन कथावाङ्मयात अनेकांनी सांगितली आहे. आचार्य ज्ञानसागरांचा ‘दयोदय चम्पू’ तिच्यावरच उभा आहे. मासे मारून जगणाऱ्या मृगसेनाने मुनींकडून एवढेच व्रत घेतले, की जाळ्यात प्रथम येईल त्या माशाला अभय द्यायचे. मासा आला, त्याने खूण बांधून सोडला. तोच मासा त्या दिवशी पाच वेळा जाळ्यात आला आणि पाचही वेळा सुटला. मृगसेन रिकाम्या हाताने घरी गेला, तेव्हा संतापलेल्या पत्नीने दार लावून घेतले. रात्री बाहेर झोपला असता त्याला सर्पदंश झाला. परंतु त्या अभयदानाच्या पुण्याने पुढच्या जन्मी तो पाच वेळा मरणसंकटातून वाचला.

वरवर पाहता मृगसेन आणि छंदी गळकरी यांचे कर्म एकच: धरला आणि सोडला. भेद आहे तो सोडताना काय सुटले यात. मृगसेनाने मासा सोडला तेव्हा त्या रात्रीचे जेवण सुटले, घराचे दारही बंद झाले. गळकऱ्याचे काहीच सुटत नाही. त्याला हवे होते ते, म्हणजे माशाची तडफड, त्याच्या पदरात आधीच पडलेले असते. मृगसेनाच्या हातून हिंसा घटत होती, तर येथे हिंसा हाच करमणुकीचा विषय आहे.

सप्त व्यसनांच्या यादीत मांसभक्षण आणि शिकार ही दोन वेगळी व्यसने सांगितली आहेत, ते उगाच नव्हे. पोटाची भूक हे निमित्त नसले तरी शिकार हे व्यसनच राहते. श्रावकाचे अनर्थदंडविरमण व्रतही हेच सांगते: प्रयोजनावाचून पाप नको. म्हणून मासा खाणे निर्दोष ठरत नाही. पण उजनीच्या भोयाकडे नाक मुरडून पाहणाऱ्याने धरणाकाठच्या छायाचित्राला ‘छान’ म्हणून दाद देऊ नये, एवढे तरी निश्चित.

छंदाच्या बाजूनेही एक गोष्ट न्यायाने नोंदवली पाहिजे. कावेरीवरील गळकऱ्यांनी ठेवलेल्या नोंदींमुळेच तेथील वशिंडाचा महासीर झपाट्याने घटत असल्याचे संशोधकांच्या ध्यानी आले. त्या नोंदींनी आणखी एक सत्य उघड केले. लोणावळ्याच्या टाटा उबवणी केंद्रात दख्खनच्या महासीराची पैदास झाली, ती अतिशय स्तुत्य होती. परंतु त्याची पिल्ले कावेरीत सोडल्यावर तोच पाहुणा तेथे वाढला आणि मूळचा रहिवासी दुर्मीळ झाला. २०१८ साली तो मूळ मासा अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला. दया विवेकावाचून केली तर तीही जीवावर बेतते.

त्या कुटुंबाने एजन्सी घेतली नाही. दोऱ्याचे हजार उपयोग आहेत. गळाचा उपयोग एकच, असे वडिलांनी मुलाला सांगितले. हिंसेचे साधन पुरवणे याला शास्त्रात हिंसादान म्हणतात. मुलाच्या प्रश्नाचा दुसरा भाग मात्र त्यांनी टाळला नाही. दुकानात तयार जाळी ठेवणे त्यांनी बंद केले आणि दोरा चालू ठेवला. विकलेल्या दोऱ्याचे पुढे काय होते, हा प्रश्न मिटला असे ते आजही म्हणत नाहीत.

अनर्थदंडाचा आणखी एक प्रकार प्रमादचर्या: निष्काळजीपणे पाणी, माती, वनस्पती यांचा नाश करणे. देहूच्या डोहातील माशांना इंद्रायणीकाठच्या लोकांनी भक्तीने अभय दिले. तीच इंद्रायणी आळंदीला फेसाने पांढरी होते आणि तिच्यात मेलेल्या माशांच्या बातम्या येतात. साइक्सला ज्या मुळा-मुठेत महासीर मिळाला, तेथे आज सांडपाणी वाहते. या माशांना कोणी गळ लावला नाही, कोणी जाळे टाकले नाही. कारखान्याचे, गोदामाचे, सोसायटीचे पाणी कोठे जाते हे कोणी विचारले नाही, एवढेच. पर्युषणात जीवदयेची पावती फाडणाऱ्या प्रत्येक पेढीने त्याच दिवशी आपल्या नळाचे दुसरे टोकही एकदा पाहावे. अभयदानाचा हिशेब तेथून सुरू होतो.