ताट आणि प्रार्थना

लेंटचा बुधवार. महिला मंडळाच्या प्रार्थनेनंतर आज पुन्हा ताटाचीच चर्चा. पाळकबाईंनी दानीएलाचा पहिला अध्याय वाचला: राजाचं मिष्टान्न नाकारून दहा दिवस शाकान्न नि पाण्यावर राहिलेली ती चार पोरं. मग मंडळातल्या नर्सताई म्हणाल्या, दिवसाला मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. पापड, लोणचं, सुका बोंबीलही त्यातच धरा. सगळ्या मनातल्या मनात हिशेब करत गप्प!

प्रीतिभोजनात बिर्याणी राहील. पण शेजारी मटकीची उसळ नि काकडीची कोशिंबीरही असेल, असं ठरलं. चाळीस दिवस मटण सोडून ईस्टरला त्याची भरपाई करण्यापेक्षा वर्षभर ताटात भाजी वाढवणं मला अधिक खरं वाटतं. एकटीनं पाळलेलं पथ्य शिक्षा वाटते. चौघींत त्याची गंमत होते.