आडवा धक्का

गाडी अंगावर पडली, असं आपण म्हणतो. पण जॅकवरून निसटलेल्या गाड्यांच्या हकिगती नीट ऐकल्या की दिसतं, ती आधी सरकलेली असते. बोटभर पुढे, बोटभर मागे. जॅक तिरका होतो, त्याचं टोक निसटतं आणि मगच ती खाली येते. जॅक वजन पेलायला बनवलेला असतो, आडवा धक्का सोसायला नाही. घरी गाडी उचलताना मी जे जे करतो ते सगळं या एकाच गोष्टीसाठी.

माझी गाडी मारुती 800. तिचं उत्पादन 2014 साली थांबलं, आणि आता बऱ्याच गॅरेजांत तिच्याकडे पाहुण्यासारखं बघतात, म्हणून तिचं बरंचसं काम मीच करतो. वजन जेमतेम साडेसहाशे किलो. जॅकवर लिहिलंय दोन टन. हा हिशोब करून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो. साडेसहाशे किलो छातीवर यायला काही टनाची गरज नसते.

सोसायटीच्या पार्किंगला पावसाचं पाणी निघून जावं म्हणून उतार दिलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. माझ्याकडे जुन्या बेअरिंगमधली एक सुटी गोळी आहे. ती कोब्यावर ठेवायची आणि सोडून द्यायची. जिकडे गोळी पळते तिकडे गाडी पळणार. गोळी जोरात सुटली तर त्या जागी काम करायचंच नाही, मग सावली कितीही छान असो. पेव्हर ब्लॉकही मला चालत नाहीत, त्याचं कारण पुढे येईल.

आता गाडीला धरून कोण ठेवतं ते बघू. हँडब्रेक लागतो मागच्या चाकांना. पुढची बाजू उचलली तर तो कामाचा. मागची उचलली की ज्या चाकांना ब्रेक आहे तीच हवेत. मग गाडी थांबते ती गेअरच्या जोरावर, कारण 800 ला इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो. जुन्या पद्मिनी किंवा ॲम्बॅसॅडरची गोष्ट याहून वाईट. त्यांचा जोरही मागे आणि हँडब्रेकही मागे. मागची दोन्ही चाकं उचलली की पुढची दोन मोकळी, त्यांना अडवायला फक्त दगड.

गेअरवरही फार विसंबू नये. मध्यंतरी पुतण्या मदतीला होता. गाडीची पुढची बाजू घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर होती, गाडी पहिल्या गेअरमध्ये. त्याने सहज एक चाक फिरवलं आणि ते फिरलं.

“काका, गेअर टाकलाय ना? मग हे फिरतंय कसं?”

“पलीकडचं बघ.”

पलीकडचं चाक उलटं फिरत होतं. डिफरन्शियलची करामत. म्हणजे पुढचं एकच चाक उचललं असेल तर जमिनीवरचं दुसरं पुढे घरंगळू शकतं, हवेतलं उलटं फिरून त्याला वाट करून देतं, आणि गेअर बिचारा जागच्या जागी.

म्हणून पाचरी. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढूनही आणि मागूनही. घाटात बंद पडलेल्या ट्रकचा क्लीनर उडी मारून सगळ्यात आधी दगड शोधतो, ते उगाच नाही. चाकाचे नटही गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे. गंजलेल्या नटासाठी आपण पान्यावर अख्खं वजन टाकतो; गाडी वर असताना तोच झटका आडवा बसतो.

ट्रॉली जॅकची एक खोड फार कमी जणांनी निरखलेली असते. त्याचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो. हांडेल मारताना जमिनीलगत डोळे नेऊन बघा, जॅकची लोखंडी चाकं हळूहळू गाडीखाली सरकत असतात. सरकलीच पाहिजेत. ती पेव्हर ब्लॉकच्या फटीत किंवा मातीत रुतली, तर जॅकऐवजी गाडी ओढली जाते, नाहीतर जॅकची वाटी जागेवरून घसरते. डिकीतला कात्री जॅक तर फक्त स्टेपनी लावण्यापुरता. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकंही घालू नये.

हायड्रॉलिक जॅकचं पेटंट रिचर्ड डजन या कारागिराने अमेरिकेत 1851 साली घेतलं. तेव्हापासून रंगरूप बदललं, पण भार आजही तेलावर असतो आणि ते तेल अडवून धरतं एक सील. कचऱ्याचा कण अडकला की जॅक रातोरात बसतो. उचलणं हे त्याचं काम. धरून ठेवणं घोड्यांचं. माझ्या घोड्या पुण्याच्या नाना पेठेतल्या, आरपार पिन असलेल्या. दात्यांच्या घोड्याही चांगल्या असतात, पण 2020 मध्ये अमेरिकेत दाते निसटतात म्हणून लाखो घोड्या परत बोलावल्या गेल्या, तेव्हापासून मला पिनच बरी वाटते. ओळखीच्या वेल्डरकडून स्वस्तात करून घेतलेल्या घोड्या नकोत. विटा आणि सिमेंटचे ठोकळे तर नकोतच: लोखंड वाकतं, लाकूड करकरतं, वीट काही न सांगता फुटते.

घोडी लावायची जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. बहुतेक गाड्यांना दारांखालच्या पत्र्याच्या शिवणीवर दोन खाचा असतात, त्यांच्या मधला भाग मजबूत केलेला असतो. तेलाच्या चेंबरखाली टेकू देणाऱ्यांना मी हात जोडतो. काढलेलं चाक कोपऱ्यात उभं न करता गाडीखाली आडवं सरकवतो, आणि जॅक नुसता टेकलेला राहू देतो.

मग खाली जायच्या आधी गाडी हलवायची. बोटाने ढकलल्यासारखं करून नाही. कंबर लावून, आडवी, दोन्ही बाजूंनी. पडायचीच असेल तर आत्ता पडू दे. शेजारपाजारचे या वेळी हमखास ओरडतात, “अहो, पडेल ना गाडी!” त्यासाठीच तर चाललंय.

उतरवताना क्रम उलटा. थोडी उचलून घोड्या काढायच्या, जॅकचा व्हॉल्व्ह केसभर सोडायचा, नट शेवटचे आवळायचे चाक टेकल्यावर, पाचरी सगळ्यांत शेवटी.

सोसायटीत माझा जॅक मागायला लोक येतात. मी तो एकटा देत नाही. दोन घोड्या आणि चार पाचरीही उचलून न्याव्या लागतात. “एवढं ओझं कशाला, नुसता जॅक द्या हो,” म्हणत दोघे-तिघे रिकाम्या हाताने परत गेलेत.