सरकीच्या मुलखातलं ग्लिसरीन

वऱ्हाडात कापूस वेचायचा आणि कातडी फुटायचा हंगाम एकच. दिवाळी सरली की हवा कोरडी पडते आणि शेतं पांढरी होतात. बोंडांच्या वाळक्या टोकांनी वेचणाऱ्या बायांची बोटं खरचटतात, मग भेगांत कापसाचे तंतू अडकतात. दर्यापूरकडच्या आमच्या घरी त्या संध्याकाळी कापूस मोजून द्यायला यायच्या. आजी त्यांच्या तळव्यावर ग्लिसरीन ओतायची, पण आधी हात ओले करायला लावायची. “कोरड्यावर नोको लावू वं, आखीन ओढते,” हे तिचं ठरलेलं.

का ओढतं, ते मला अमरावतीत बी.एस्सी.ला असताना कळलं. ग्लिसरीनच्या रेणूत तीन हायड्रॉक्सिल गट असतात, ते पाणी धरून ठेवतात. हवा दमट असली तर ते हवेतून पाणी घेतं, नसली तर कातडीच्या आतल्या थरांतून. स्वतःजवळचं पाणी त्याच्याकडे नसतंच. म्हणून आजी त्याला आधी पाणी पाजायची आणि वर तिळाच्या तेलाचा हात फिरवून ते उडू नये याची तजवीज करायची.

मामा अकोल्याला तेलगिरणीत होते. गिरणीच्या दारातच कच्च्या तेलाचा उग्र वास यायचा. सरकीचं कच्चं तेल काळपट-तांबडं असतं. कॉस्टिक घालून ते साफ करतात. सरकीतून तेल काढल्यावर उरलेली ढेप जनावरांना. अकोला या ढेपेची मोठी पेठ, वायदेबाजारातही तिचा भाव अकोल्याच्या नावाने निघतो. तेल साफ करताना खाली बसणारा चिकट गाळ साबणवाले नेत. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली तीन मेदाम्लं. कॉस्टिकने ती सुटली की साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळं होतं, तेलाच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा. शेजारच्या खानदेशात, अमळनेरला, १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्यानेही जोडीला साबण काढला. तीच पुढची विप्रो.

स्वीडनच्या शेले या रसायनशास्त्रज्ञाला ग्लिसरीन १७७९ साली ऑलिव्ह तेल आणि मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचं ऑक्साइड, एकत्र उकळताना सापडलं, चवीला गोड. पुढे नोबेलच्या डायनामाइटमध्ये शिरलेलं नायट्रोग्लिसरीन याच्यापासूनच बनतं. सिनेमातल्या नट्यांच्या डोळ्यांत पाणी आणायलाही हेच. इतकी कामं करणाऱ्या पदार्थाला मान म्हणावा तसा कधी मिळाला नाही. औषधाच्या दुकानात ते अजून खालच्याच फळीवर असतं.

माझी मुलगी मुंबईला नोकरी करते. तिने महागडं सीरम आणलं, तेव्हा मी खोक्यावरची यादी वाचली. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. पहिलं पाणी, दुसरं ग्लिसरीन. पुढची लांबलचक नावं नाममात्र असावीत, असा माझा संशय. ती हसली, पण सीरम तिने सोडलं नाही.

तिकडच्या दमट हवेत ते चिकट लागतं, अशी तिची तक्रार. त्याच बाटलीने अमरावतीत, जानेवारीत, तिचे गाल तासाभरात ताणले. मी तिला तोंड ओलं असतानाच लावायला सांगितलं, वर व्हॅसलीनचा पातळ थर. तिळाचं तेल सुचवलं होतं. वासाला कंटाळून तिने नाही म्हटलं.