पडणे हा दोष नव्हे

चाळिशीस पोहोचलेली आमची कन्या परवा चंद्रपुरास रामाळा तलावाजवळ सायकल शिकताना पडली व ओशाळून रडली. तिच्या बालपणी ‘रानवाटेस वाघ असतो’ असे सांगून आम्हीच तिला सायकल नाकारली होती. खरे भय लोकापवादाचे होते.

आम्ही तिला पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिची हकीकत सांगितली. २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, तिने सायकलीवरून सुमारे २९,००० किलोमीटरांची पृथ्वीप्रदक्षिणा केली. कॅनडात अस्वल पाठीस लागले, स्पेनमध्ये चोरांनी लुटले. तरी ती पुन्हा सायकलीवर बसलीच.

भगिनींनो, पडणे हा दोष नव्हे, उशिरा शिकण्यात लाजही नाही. लाज वाटावी ती अडविणाऱ्या आम्हांस.

आता मागचे कॅरिअर धरून आम्ही चार पावले चालतो, आणि हळूच हात सोडतो.