कार्ड आहे, खाट कुठे?

विरारहून सुटणाऱ्या पहाटेच्या लोकलमध्ये मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट धरून बसलेलं कुणीतरी हमखास दिसतं. परळला केईएम, मुंबई सेंट्रलला नायर. केस पेपरच्या रांगेत नंबर लागायचा तर अंधारातच घर सोडावं लागतं. सरकारने आरोग्यसेवेत किती पडावं, हा वाद ज्यांना पुस्तकी वाटतो त्यांनी या गाडीतून एकदा प्रवास करावा.

*

वसई-विरार महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं एकत्र आली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांवर होती. त्यानंतर नालासोपारा पूर्वेला आणि विरारला किती इमारती उठल्या ते सगळे पाहतातच. पालिकेची रुग्णालयं म्हटली की आजही आधी नावं येतात ती वसईच्या सर डी. एम. पेटिटचं आणि नालासोपाऱ्याच्या तुळिंजचं. तिथले डॉक्टर, नर्स राबतात. तक्रार त्यांच्याबद्दल नाही, त्यांच्यावर पडणाऱ्या भाराबद्दल आहे.

*

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९. कलम ६३ मध्ये बंधनकारक कर्तव्यांची यादी आहे आणि सार्वजनिक रुग्णालयं व दवाखाने चालवणं त्यात येतं. ऐच्छिक कामांची यादी वेगळी, पुढे कलम ६६ मध्ये. म्हणजे पालिकेपुरता हा वाद कायद्याने कधीच मिटवलेला आहे. रस्ता आणि गटार यांच्याइतकाच दवाखानाही सक्तीचा.

*

सरकार आता उपचारांचे पैसे भरणारं झालंय. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे तिला महात्मा फुलेंचं नाव मिळालं, आयुष्मान भारतशी ती जोडली गेली, आणि आता पिवळ्या-केशरीपासून पांढऱ्या रेशन कार्डापर्यंत सगळ्यांना वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. मोठी गोष्ट आहे, मी ती कमी लेखणार नाही. अँजिओप्लास्टीसाठी दागिने गहाण टाकावे न लागलेली घरं माझ्या ओळखीत आहेत.

पण एका रुग्णालयात योजनेची कागदपत्रं पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी पाहिलेलं विसरत नाही. एका बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून रेशन कार्ड, आधार, नवऱ्याचे रिपोर्ट एकेक करून टेबलावर मांडले. टेबलामागचा मुलगा समजुतीने बोलत होता: "मावशी, हे पॅकेजमध्ये बसत नाही." त्याचंही बरोबरच. योजना ठरलेल्या उपचारांसाठी आहे. साधा ताप, ओपीडीच्या तपासण्या, महिन्याची बीपी-शुगरची औषधं तिच्यात येत नाहीत. कागद पुन्हा नीट घडी करून पिशवीत ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

*

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून उपचारांपर्यंत सगळं मोफत झालं. पालिकेची रुग्णालयं त्या विभागाची नाहीत. आजाऱ्याने आधी दारावरची पाटी वाचायची का?

*

"खाजगीवाल्यांना सरकारने हात लावू नये" असं म्हणणाऱ्यांसाठी दोन तारखा. कोविडच्या काळात, २१ मे २०२० च्या अधिसूचनेने राज्याने खाजगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले: साधी खाट दिवसाला ४,००० रुपये, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. मनात आणलं तर जमतं. दुसरी तारीख २३ एप्रिल २०२१. विरारच्या एका खाजगी कोविड रुग्णालयाच्या आयसीयूला पहाटे आग लागली आणि त्याच दिवशी १३ रुग्ण गेल्याची बातमी आली. खाजगी खाटेवर झोपलेला माणूसही सरकारच्या तपासणीच्याच भरवशावर झोपलेला असतो.

*

वसईत फक्त सरकार आणि धंदा अशी दोनच टोकं नाहीत, हेही नोंदवायला हवं. बंगलीचं कार्डिनल ग्रेशियस रुग्णालय पालिका जन्मायच्या कितीतरी आधीपासून उभं आहे. चर्चने उभारलेल्या या ठिकाणी सगळ्या जातिधर्मांची माणसं उपचारांसाठी गेली आहेत. अशा संस्थांना पालिकेने जोडीला घ्यावं. मात्र स्वतःचं काम त्यांच्या गळ्यात मारू नये.

*

आपल्या पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागातले रुग्ण मोठ्या उपचारांसाठी सिल्व्हासाच्या रुग्णालयात जातात. तेही सरकारीच, फक्त दुसऱ्या सरकारचं. सरकारी म्हणजे वाईटच, हे त्यांना कोण पटवून देणार?

*

२०२० च्या जूनमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला. कोविडचा बहुतेक काळ त्यातच गेला. आपल्या वॉर्डाच्या दवाखान्याबद्दल विचारायला निवडून दिलेला माणूसच नव्हता.

मत मागायला येणाऱ्यांना विचारायचं म्हणून लिहून ठेवतोय. पालिकेच्या स्वतःच्या आयसीयूत खाटा किती, आणि त्यांतल्या चालू किती? मंजूर पदांपैकी डॉक्टर किती भरलेत? आणि तुळिंजला रात्री दोन वाजता सिझर करायची वेळ आली, तर भूलतज्ज्ञ रुग्णालयातच असतो, की फोन करून बोलवावा लागतो?