माहेर, आकाशातून

यंदा वाईजवळ माहेरी गेले, तर भाच्याने कॅमेऱ्याचा ड्रोन आणला होता. वजन 250 ग्रॅमच्या आत, त्यामुळे हौसेपुरता उडवायला वैमानिकाचा परवाना लागत नाही. हिरव्या क्षेत्रात उंचीची मर्यादा मात्र 120 मीटर. शिवारात उडवायला घेतला. ड्रोनचे तोंड आपल्याकडे वळले, की डावे-उजवे उलटे होते. मी घाबरून दांडी ढकलली, तो थेट आंब्याकडे! "आत्या, दोन्ही दांड्या सोड!" भाचा ओरडला. सोडल्या, तर स्वारी जागीच तरंगत राहिली. मैत्रिणींनो, पहिला धडा हाच!

मग पडद्यावर कृष्णेचे वळण दिसले, हळदीची शेते दिसली आणि कडेला, अंगणात शेंगा निवडणारी आई. केवढीशी दिसत होती! ड्रोन उतरवला आणि आधी तिच्याजवळ जाऊन बसले.